तंबूवालीचा दुसरा भाग

माझ्या कपाटाला आमच्या घरात 'दवाखाना' म्हणतात. नवऱ्यानं ठेवलेलं नाव. रद्दीतून मी कुणाची पाठ मोडलेली, कुणाचं कव्हर लोंबतंय, कुणाला वाळवीनं चाटलंय अशी पुस्तकं उचलून आणते, उन्हात घालते, मैद्याची खळ करून पाठीला जुन्या सुती साडीची पट्टी चिकटवते आणि मग कपाटात भरती करते. आता हे पेशंट म्हणजे कुणी थोरामोठ्यांचे ग्रंथ नव्हेत. खून, भुतं, खजिने, तळघरं. लालभडक कव्हरवर ओरडणारी बाई आणि तिच्या मागं हातमोजा घातलेला हात, असली पॉकेट बुकं. शिवाय हिंदी कॉमिक्स, त्यांचे तर गठ्ठेच. नवरा म्हणतो, "एखादं चांगलं पुस्तक आण की घरात." मी भडकते. चांगलं म्हणजे कसलं रे? हातात घेतलं की झोप येते, तसलं?

जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत मी उगवण तपासायचं काम करते. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ठेवायची, कोंब आले की बघायचं. सगळं पांढऱ्या कोटात आणि नियमात. संध्याकाळी बदनापूरला घरी जायला निघाले की मात्र स्कूटी आपसूक सदर बाजाराकडं वळते. तिथं रद्दीच्या दुकानात पोत्यावर बसून गठ्ठे उपसायचे. हात काळे होतात, शिंकून शिंकून डोळ्यांना पाणी येतं, आणि मधेच दहावीच्या गाइडाखालून एखादं ओळखीचं कव्हर डोकावतं. अहाहा! तेव्हा आत काय होतं ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

आक्कांना सांगावं लागायचं नाही. त्यांनाही तसंच व्हायचं.

आक्का म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीशेजारी त्यांचं दोन खोल्यांचं घर. बालवाडीच्या बाई म्हणून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला, एकुलती मुलगी पुण्यात. आमची गाठ पडली ती अंबडच्या बाजारात. रद्दीवाल्याच्या हातगाड्यावर सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा मी एका बाजूनं धरला आणि दुसऱ्या बाजूनं एका म्हाताऱ्या बाईनं.

"सोड गं बाई. मी आधी पाह्यलंय."

"पाह्यलं असंल मावशी, पण धरलंय मी."

"न पाहता कुणी धरतं का?"

मी हसले, त्या हसल्या, आणि तिथंच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही तो गठ्ठा सोडला. एक तुला, एक मला. लोक येता-जाता बघत होते. दोन बऱ्या घरच्या बायका पायरीवर बसून भुतांची पुस्तकं वाटून घेतायत, हे काही रोज दिसत नाही. "मावशी नको म्हणू," त्या म्हणाल्या, "सगळे आक्का म्हणतेत." तेव्हापासून मी महिन्या-दोन महिन्यानं पिशवी भरून अंकुशनगरला जायला लागले.

त्या पायरीवरच आक्कांनी मला त्यांचे कायदे सांगितले. आमच्या ह्या नादातल्या लोकांत ते कमीजास्त सगळीकडं चालतात, पण आक्का ते कोर्टासारखे पाळायच्या. पुस्तकाच्या बदल्यात पुस्तकच. मधे पैसा आणायचा नाही, पैसा आला की माणूस दुकानदार होतो. आणि दुसरा कायदा जोडीचा. आमच्या ह्या जुन्या रहस्यकथा पुष्कळदा दोन भागांत निघायच्या. पहिला भाग ऐन मोक्याला संपवायचा, म्हणजे लोक दुसऱ्यासाठी तडफडतील. त्यामुळं जोड्या फुटलेल्या असतात, एक इथं तर एक परभणीला. तर कायदा असा, की एक भाग ज्याच्याकडं आहे त्याचा दुसऱ्या भागावर पहिला हक्क. तुम्हाला सापडला तर त्याला आधी कळवायचं. तो बदल्यात देईल ते घ्यायचं आणि पुस्तक त्याच्या हवाली करायचं. आडमुठेपणा करायचा नाही.

आक्कांकडं अशी एक अर्धी जोडी होती. तिला आम्ही 'तंबूवाली' म्हणायचो. गोष्ट अशी: गावोगाव फिरणारं तंबूतलं सिनेमाघर. रात्रीचा खेळ रंगात आलेला असताना तंबूचा मालक मशीनच्या खोलीत मेलेला सापडतो. दाराला आतून कडी. संशय बायकोवर, मॅनेजरवर आणि तिकीट फाडणाऱ्या माणसावर. फौजदार सगळ्यांना पडद्यासमोर उभं करतो, एकेकाच्या तोंडावर बॅटरी मारतो आणि म्हणतो, "खुनी इथंच आहे. तो—" संपलं! पुढचं दुसऱ्या भागात.

तो दुसरा भाग आक्कांना कधी मिळालाच नाही. मुलगी पाळण्यात होती तेव्हा त्यांच्या नवऱ्यानं पहिला आणून दिला होता. पुढं मुलीचं लग्न झालं, नात झाली, तरी आक्का त्या फौजदाराच्या बॅटरीसमोर उभ्याच. पोळ्या लाटताना, पोरांना गाणी शिकवताना डोक्यात तेच. त्यांचा संशय बायकोवर. माझा मॅनेजरवर. मी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, कारण पहिला भाग त्या घराबाहेर देत नसत, पण त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मला त्या मॅनेजरच्या मिशा दिसायच्या.

"तू बिलकुल चुकून राह्यली," आक्का म्हणायच्या. "बायकूच हाय ती. येवढं रडती कशाला मंग?"

"नवरा मेल्यावर हसायचं का आक्का?"

"मी न्हाई रडले येवढी."

आणि मग आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. एवढं सुख मला दुसऱ्या कुठल्या घरात मिळालेलं नाही, हे मी सरळ सांगते.

आक्कांचा एक डोळा आधीच गेलेला होता. दुसऱ्याचा मागचा पडदा खराब व्हायला लागला, म्हणून संभाजीनगरला नेऊन त्यात इंजेक्शनं देत होते. हातात मोठं भिंग धरून त्या वाचायच्या, एकेक ओळ, दाणे निवडल्यासारखी. "डोळा हाय तवर तंबूवाली सापडू दे बाई," असं त्या दर खेपेला म्हणायच्या. "मला दुसऱ्याच्या तोंडून न्हाई ऐकायचं. ती बॅटरी कुणाच्या तोंडावर पडती ते माझ्या डोळ्यानं बघायचंय."

दसरा झाला आणि मला तंबूवालीचा दुसरा भाग सापडला.

सदर बाजारात, त्याच दुकानात, एका पाककृतींच्या पुस्तकाच्या पोटात दडपलेला. कव्हर साबूत, पाठ साबूत, एक पान इकडचं तिकडं नाही. मी दुकानात ओरडले. दुकानदाराला वाटलं विंचू चावला. बाहेर येऊन मी आधी आक्कांना फोन लावायला घेतला. नंबर काढला, अंगठा ठेवला, आणि थांबले.

आता इथं मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगते, गोड करून सांगत नाही. फोन केला की कायदा लागू. पुस्तक आक्कांकडं जाणार. जोडी त्यांची होणार आणि मला बदल्यात काहीबाही मिळणार. उलट त्यांची मुलगी कधीपासून मागं लागलेली, "आई, आता पुण्याला चल." आज ना उद्या त्या जाणार. जाताना सगळी पुस्तकं मलाच देणार, तसं त्या बोलल्याही होत्या. म्हणजे पहिला भाग आपोआप माझ्याकडं येणार. मी फक्त गप्प बसायचं. मग तंबूवालीची अख्खी जोडी माझ्या कपाटात! आमच्या फोनवरच्या ग्रुपात कुणाकडंच ती नाही. फोटो टाकला असता तर लोकांनी बोटं तोंडात घातली असती. मी फोन पर्समध्ये टाकला. डॉक्टरांनी तर सांगितलंय, डोळ्याला इतक्यात काही धोका नाही. मग घाई कसली? मी स्वतःला हेच सांगितलं. बियाण्याला दहादा तपासणारी बाई मी, पण स्वतःचं हे बोलणं एकदाही तपासलं नाही.

बरं, मी ते वाचलं म्हणाल तर तेही नाही. जोडी लागल्याशिवाय वाचायचं नाही, असा माझा शहाणपणा. म्हणजे बघा, एक बाई एकेक ओळ वाचायला तळमळतेय, आणि ते पुस्तक माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुपचूप पडलंय, कुणाच्याच उपयोगाचं नाही. दिवाळीत मी आक्कांकडं फराळ घेऊन गेले, तेव्हा सांगणार होते. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले, तेव्हाही सांगणारच होते. "काही सापडलं का गं?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंडात तिळगूळ असताना मान हलवली. नाही. मग वाटलं, त्यांना अंधुकच दिसतं, मान हलवलेली दिसली नसेल. म्हणून मी तोंडानंही म्हणाले, "न्हाई आक्का." इतकी व्यवस्थित मी.

फेब्रुवारीत त्यांच्या मुलीचा फोन आला. आईच्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता उजेड-अंधार तेवढा कळेल. ती आईला पुण्याला न्यायला आली होती. "आई म्हणतेय, तुम्ही येऊन तुमची पुस्तकं घेऊन जा."

तुमची म्हणाली ती. भाजी फोडणीला टाकली होती ती करपली, नवरा विचारतोय काय झालं, आणि मला सांगता येईना. काय सांगू? की मी जे व्हायची वाट बघत बसले होते, ते झालं?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, ओळखीच्या माणसाचा टेम्पो सांगून गेले. पुस्तक पर्समध्ये घेतलं. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं टेम्पो रखडत होता आणि मी मनात घोकत होते: "आक्का, कालच सापडलं. कालच सापडलं." खरं सांगायचं धाडस नव्हतं, पण पुस्तक द्यायचं एवढं ठरलं होतं. वाचून दाखवू, त्यांना बरं वाटेल, माझंही ओझं उतरेल. स्वस्तात सुटायला बघत होते, दुसरं काय.

आक्का खाटेवर बसल्या होत्या. मी आले हे त्यांना पावलांवरून कळलं. "ये गं. बघ, सगळं बांधून ठेवलंय." खोक्यांवर एक पुस्तक वेगळं ठेवलेलं होतं, पांढऱ्या कापडात गुंडाळून. तंबूवालीचा पहिला भाग. त्यांनी चाचपून ते उचललं आणि माझ्या हातात दिलं. "हे नीट सांभाळ. दुसरा कवा सापडला तर जोडी लाव. आन् मला फोन करून खुनी तेवढा सांग, बस."

मला धरवेना ते. मी म्हणाले, "आक्का, सापडलाय."

"काय सापडलाय?"

"दुसरा. कालच. सदर बाजारात."

त्यांचं तोंड असं उजळलं की मला दुसरीकडं बघावं लागलं. "अगं माय! कालच? दाव, दाव जल्दी!" दोन्ही हात पुढं करून त्यांनी पुस्तक घेतलं. कव्हरवरून बोटं फिरवली, पाठ दाबून बघितली, नाकाला लावलं. मग मधोमध उघडलं, आणि आतून कडुलिंबाचा वाळलेला पाला त्यांच्या मांडीवर पडला. पुस्तकं कपाटात ठेवताना आत सावलीत वाळवलेला पाला घालायचा, कीड लागत नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. दर पुस्तकात मी घालते, हात आपोआप घालतो. निघताना तो झटकायचं मला सुचलं नव्हतं.

आक्कांनी मांडीवरचा पाला चिमटीत घेतला. चोळला. त्याचा भुगा झाला. त्यांनी तो पुन्हा चोळला आणि बोटं नाकाशी नेली.

"काल सापडला म्हणतीस," त्या म्हणाल्या.

मी वाकून खाली सांडलेली पानं गोळा करायला लागले.

"ह्या पाल्याला वासबी राह्यला न्हाई गं. दिवाळीच्या आधीचा असंल बराबर."

"दसऱ्याचा," मी म्हणाले. कसं तोंडातून निघालं कोण जाणे. घोकलेलं सगळं बाजूला राहिलं. आतल्या खोलीत त्यांची मुलगी चिकटपट्टी ओढत होती, तिचा चर्र आवाज तेवढा येत होता. आक्कांनी हात झटकले. मला वाटलं आता शिव्या देतील. द्याव्यात असं मनापासून वाटत होतं.

"वाच," त्या म्हणाल्या आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

मी वाचायला बसले. पहिलं पान घाईघाईत संपवलं. मग फौजदार बोलायला लागला आणि काय सांगू, त्या मेल्या पुस्तकानं आम्हाला ओढून नेलं! बायकोच्या खोलीत रक्ताचा रुमाल सापडला तेव्हा आक्का म्हणाल्या, "बघ! मी म्हणत न्हवते?" मॅनेजर पळून गेला तेव्हा मी विसरून टाळी वाजवली. चहा आला, निवला. मुलगी दारात येऊन म्हणाली, "आई, आपल्याला सहाच्या आत निघायचंय, तुमचं काय चाललंय?" आक्कांनी तिला हातानं गप्प केलं. मधे मधे मला आठवायचं की मी कोण आहे आणि इथं काय करून बसलेय, आणि मग ओळ चुकायची. त्या म्हणायच्या, "मागून घे." मी मागून घ्यायची.

शेवटी तो फौजदार बॅटरी मारतो. कुणाच्या तोंडावर? बायकोच्या नाही, मॅनेजरच्या नाही. पडद्यामागून मालकाचा जुळा भाऊ बाहेर येतो. जुळा भाऊ! पहिल्या भागात ज्याचा नखभरही उल्लेख नाही. आणि आतून कडी लावलेल्या खोलीतून तो बाहेर कसा पडला? तर छताचं कापड फाडून. तंबूच होता ना तो.

मी वाचायची थांबले. आणि आक्कांना हसू फुटलं. पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तंबूला कडी लावून काय उपेग गं! इतकी वर्सं मी त्या कडीचा इचार करून राह्यली!" मलाही हसू आवरेना. दोघी हसत होतो, अंबडच्या पायरीवरच्यासारख्या.

हसता हसताच त्यांनी विचारलं, "ह्याच्यापायी?"

"काय आक्का?"

"ह्याच्यापायी गप बसलीस गं तू?"

हसू त्यांच्या ओठांवर तसंच होतं, नुसता आवाज बदलला होता. मला खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून जे खरं तेच म्हणाले. "पुस्तकापायी नव्हतं आक्का. जोडीपायी." म्हणाले आणि लक्षात आलं की हे तर आणखी वाईट आहे.

"मला माझ्या डोळ्यानं वाचायचं होतं," त्या म्हणाल्या. "कसं का असंना. जुळा भाऊ तर जुळा भाऊ. संक्रांतीपतूर वाचता आलं असतं मला."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी ते काढून घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. थोड्या वेळानं त्यांनी मुलीला हाक मारून आपली पुण्याची बॅग आणायला सांगितली. दोन्ही भाग एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि साड्यांच्या मधे घातले. मुलगी म्हणाली, "आई, आता कशाला नेतेस गं, वाचणार आहेस का?"

"पहिला माझा, म्हणून दुसरा माझा," आक्का म्हणाल्या. "कायदा म्हंजी कायदा."

बदल्यात मी काहीच घ्यायला तयार नव्हते. मी म्हणाले, "आक्का, ही खोकी पण मला नकोत. माझी लायकी न्हाई." तेव्हा मात्र त्या चिडल्या. "नको म्हणून मी काय करू? रद्दीत घालू? गपगुमान ने. आन् ह्यातलं कुणी काही मागितलं ना, तर त्याच दिवशी देत जाय."

खोकी टेम्पोत चढली. मी दोन्ही खोल्यांतून उगीच एक चक्कर मारून आले, काही राहिलं का बघायच्या निमित्तानं. मग पाया पडले. दर खेपेला मी निघाले की आक्का विचारायच्या, "पुढच्या टायमाला काय आणतीस?" मी दारापाशी चप्पल घालत रेंगाळले, एकदा पट्टा लावला, काढला, परत लावला. आक्कांनी तोंड माझ्याकडंच केलेलं होतं. मग त्या मुलीला म्हणाल्या, चहाचे कप उचल, कुणाचा तरी पाय लागंल.